काटा नव्हता, मामा

शिरूर,
मंगळवार, दुपार

प्रिय मामा,

आज मशीन बंद ठेवलंय. दारात आलेल्या दोघी बायकांना सांगितलं, दोरा संपलाय. खोटंच! रिळांनी डबा भरलाय. पण तुम्हाला लिहिल्याशिवाय आज कशाला हात लावावासा वाटेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंगे, दारातलं गिऱ्हाईक माघारी धाडू न्हाई." धाडलं. रागवा.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतक्या दिवसांत लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती. ती मी तुमच्यापासून लपवली होती. तुम्ही असेपर्यंत ती माझ्या तोंडातून निघाली नाही. आज सांगणार आहे, पण आधी कालचं ऐका.

काल माझी साखर निघाली.

हसा आता! तुम्हाला वाटीनं भात मोजून वाढणारी मी, शेजारच्या लग्नातला एक लाडू तुमच्या हातातून काढून घेणारी मी! तुम्ही म्हणायचात, "माझं सगळं गोड तूच खाऊन टाकतीस." बघा, खरं झालं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला डोळे मिटायला लावले. नायलॉनच्या जाडसर दोऱ्यानं ती तळपायाला ठिकठिकाणी टोचत होती आणि विचारत होती, कळतंय का, आता कळतंय का. मी हो हो म्हणत होते. मग बराच वेळ ती काही विचारेचना. डोळे उघडले तर दोरा माझ्या अंगठ्याखाली टेकलेला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीच कळलं नव्हतं, मामा.

मग तिनं नियम सांगितले. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवून बघायचं. पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पाणी किती कढत आहे ते पाय बुडवून नाही, कोपर बुडवून बघायचं. मी पुढचं वाक्य तिच्या आधीच म्हणून दाखवलं तेव्हा तिनं चमकून वर पाहिलं. शेवटी म्हणाली, "रोज एकदा तळपाय बघायचे. तुमची नजर सुईकामानं अधू झालीय, तुम्हाला नीट दिसायचं न्हाई. घरच्यांना दाखवत जा. घरी कोण असतं?"

मी पटकन म्हणाले, "मामा असतात."

तिनं ते कागदावर लिहूनही टाकलं. मला खोडा म्हणवलं नाही. त्या कागदावर तुम्ही अजून घरात आहात.

घरी आले, कुलूप काढलं. आतून "आली का गं?" असं कुणी विचारलं नाही. चार महिने कुणी विचारत नाही, तरी उंबऱ्याशी माझा पाय थांबतोच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कुणाला?

तुम्हाला आठवतं, आई गेल्यावर तुम्ही मला दौंडला घेऊन आलात ते? मी नऊ वर्षांची होते. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तुम्ही, मामी आणि मी. तुम्ही कीमन होतात. रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून आपल्या वाट्याच्या रुळावरून, म्हणजे आपल्या बीटवरून, चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, ढिली असेल ती ठोकून बसवायची. मी एकदा हट्टानं तुमच्याबरोबर आले होते. तुम्ही वाकून बघतसुद्धा नव्हतात. हातोडा टेकवायचात आणि म्हणायचात, "ही बरी हाय. ही बरी हाय. ही बोलती बघ निराळं." आणि खरंच ती ढिली असायची. मला तर सगळ्यांचा आवाज सारखाच वाटायचा.

लग्नानंतर दोन वर्षांत माझं नांदणं मोडलं तेव्हाही तुम्हीच न्यायला आलात. सासरच्या दारात उभं राहून कुणाला एक शब्द बोलला नाहीत. सायकलच्या कॅरिअरवर माझी पेटी बांधलीत आणि म्हणालात, "चल." रस्ताभर काही विचारलं नाहीत. पुढेही कधी विचारलं नाहीत. ज्या गोष्टीनं समोरच्याची मान खाली जाईल ती गोष्ट तुम्ही आयुष्यात कुणाला विचारली नाहीत. हा तुमचा गुण होता की दोष, हे आज मला ठरवता येत नाहीये.

मग मी शिरूरला खोली घेऊन ब्लाउज शिवायला लागले, मामी गेल्या, तुम्ही निवृत्त झालात आणि साखर डोळ्यांत उतरली. तेही किती दिवस लपवलंत! मी दौंडला आले तेव्हा तुम्ही कपाच्या शेजारी चहा ओतत होतात आणि म्हणत होतात, "कप गळका हाय." त्याच दिवशी मी तुम्हाला एसटीत घातलं. वरवंडला बस थांबली तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "बाहेर उजेड हाय का गं अजून?" ऐन दुपार होती, मामा. मी हो म्हणाले आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

पायांचं तुम्हाला भारी कौतुक होतं. खडीवरून आयुष्य काढलेले पाय! "डांबरावरनं चालतो भर उन्हात, चटका म्हणून बसत न्हाई," असं तुम्ही फुशारकीनं सांगायचात. डॉक्टरांनी सांगितलं, चटका बसत नाही तीच तर काळजी आहे. मी मऊ तळव्याची चप्पल आणली, घरात घालायला. ती तुम्ही घातलीत का? "देवघराम्होरनं चपला घालून फिरू? मी काय सायेब हाय?"

आणि पाय बघू म्हटलं की पाय पोटाशी घ्यायचात!

आपल्यातली ती रीत. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नाही, मामानंच भाचीच्या पडायचं. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. दिवाळीला एवढा मोठा माणूस माझ्या पायांशी वाकतो म्हणून मी फुगून बसायची. पण या रीतीपायी पुढे घरातल्या एकुलत्या एका डोळस माणसानं तुमच्या पायाला हात लावायचा नाही, असं होऊन बसलं. "पाप माझ्या माथी बसंल, मंगे. माझं मी बघतो की." बघत होतात म्हणजे काय, तर बोटांनी चाचपत होतात. पस्तीस वर्षं हातोडा धरलेली, जाड झालेली, साखरेनं बधिर झालेली बोटं! मी एकदा चिडून म्हणाले होते, "रुळाची रोज तपासणी केलीत, मग पायाची का नाही?" तुम्ही हसलात. मीही हसले, आणि विषय तिथेच सोडला. सोडायला नको होता.

आता ते सांगते.

मागच्या दिवाळीआधीचा आठवडा. ब्लाउजांचा ढीग पडला होता. टाचण्यांची डबी माझ्या हातातून सुटली आणि मशीनखाली सगळीकडे टाचण्या सांडल्या. तुम्ही खाटेवरून विचारलंत, "काय पडलं गं?" मी म्हणाले, "काही नाही." दारात बाई घाई करत होती. हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या आणि ठरवलं, नंतर नीट झाडून घेऊ. ते नंतर आलंच नाही. संध्याकाळी तुम्ही माठाकडे गेलात, माझ्या मशीनला हात लावत, नेहमीसारखे अनवाणी.

तुम्हाला काही कळलं नाही. मलाही नाही. आठ-दहा दिवसांनी फरशीवर मला ओले, गोल डाग दिसायला लागले, खाटेपासून माठापर्यंत. मला वाटलं, पाणी सांडताय. शेजारच्या शकूकाकू, ज्या बाजारात हार विकतात, देवाला फुलं द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "मंगल, कसला वास येतोय? मामांचा पाय बघ बाई." मी विचारलं तर तुम्ही पाय पांघरुणात ओढून घेतलात. "काय न्हाई झालेलं. दुखत न्हाई काय न्हाई." आणि मी गप्प बसले! भांडखोर म्हणून अख्ख्या गल्लीत नाव आहे माझं, आणि नेमकी तेव्हाच मी रीत पाळली. दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी तुम्हाला हुडहुडी भरली.

डॉक्टरांनी उजव्या टाचेतून चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं. तुम्ही मान वळवलीत. "काय निघालं गं?"

मी ट्रेकडे बघितलं. माझी टाचणी होती. काळी पडलेली, पण माझीच.

मी म्हणाले, "बाभळीचा काटा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि जखम धुवायला घेतली. तुमची मान अजून ट्रेकडेच होती. मग म्हणालात, "नदीच्या घाटावर गेलो व्हतो न्हवं, तिथंच घुसला आसंल." आणि मला किती हायसं वाटलं! तुमचा पाय सडलेला समोर दिसत होता आणि मला हायसं वाटलं. हे मी स्वतःला कसं माफ करू?

पुण्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढला. तुम्ही शुद्धीवर आल्यावर हातानं चाचपून बघितलंत, जिथं काही नव्हतं तिथपर्यंत हात नेलात आणि परत आणलात. मी बाहेर जाऊन रडून आले. आत आले तर तुम्ही चादर बाजूला करून डावा पाय पुढे केला होता.

"एकच ऱ्हायलाय," तुम्ही म्हणालात. "रोज बघत जा."

"आणि पाप?"

"त्येची येवस्था करतो मी. हिकडं ये, जवळ उभी ऱ्हा."

तुम्ही कॉटवरून वाकलात, हातानं माझे पाय शोधलेत, त्यांना हात लावून तो कपाळाला लावलात. "झालं, फिटलं. आता तू हात लाव."

पुढचे सहा महिने रोज सकाळी आपला हाच नेम होता. आधी तुम्ही माझ्या पायांना हात लावायचात, मग मी डावा पाय मांडीवर घ्यायची. कोमट पाणी, मऊ फडकं, बेचक्या कोरड्या, टाचेला तेल, बोटांच्या मध्ये नाही. नखं मी सरळ कापायची. तुम्ही विचारायचात, "कसा हाय आमचा गडी?" मी म्हणायची, "ठणठणीत." कधी कधी पाया पडताना तुमचा हात माझ्या टाचेवर रेंगाळायचा. "मंगे, भेगा केवढ्या पडल्यात गं! लोकांचे पाय काय बघत बसतीस, सोताच्या टाचंला तेल लाव." मला तेव्हा हसू यायचं. माझ्या पायांना रोज कुणाचा तरी हात लागतोय, हे मला तेव्हा समजलंच नाही. आता चार महिन्यांत एका माणसाचाही लागलेला नाही.

आणि तुमचं ते लोहचुंबक! घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणालात, जुना रेडिओ फोड, स्पीकरच्या मागं लोहचुंबक असतं ते काढ, आणि माझ्या पांढऱ्या काठीच्या टोकाला बांध. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला पांढऱ्या काठीचा तसाही उपयोग उरला नव्हता. दिवेलागणीला तुम्ही मशीनभोवती खुर्ची फिरवायचात आणि काठी फरशीवरून सरकवायचात. भिंतीपर्यंत, कपाटाखाली, परत. मी म्हणायची, राहू द्या हो. तुम्ही म्हणायचात, "मोकळा बसून काय करू? बीट मारतो माझी." सापडलेल्या टाचण्या माझ्या तळहातावर ठेवायचात. "तुझ्या वाया जात्यात."

उन्हाळ्यात एका दुपारी, जेवून खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. घाटावर न्यायच्या आधी दौंडचे पाहुणे जमले होते. मी खाली बसले, तुमचा डावा पाय हातात घेतला, बेचक्या बघितल्या, टाच बघितली, अंगठ्याखाली बघितलं. कुणीतरी ओरडलं, "आगं, भाची हायेस तू! पायाला हात लावू न्हाई!" मी म्हणाले, "माहितीय मला." पाय कोरडा होता, मामा. एक चीर नव्हती, एक ओरखडा नव्हता. तसाच पाठवला मी.

आज सकाळी मी तुमचा दाढीचा जुना आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरून बघत होते. चष्म्यातून सगळं धुरकट दिसलं. मग वाटलं, निदान फरशी तरी साफ करू. केरसुणीत टाचण्या येत नाहीत. कपाटामागून तुमची काठी काढली. चार महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता. मशीनखाली सरकवली आणि टक् करून आवाज आला. टाचणी. ती हातात घेतली आणि मी फरशीवर बसूनच राहिले.

बाभळीच्या काट्यासाठी कुणी लोहचुंबक फिरवतं का, मामा?

आणि त्या दिवाळीत मी तुम्हाला घाटावर नेलंच कुठं होतं? मला वेळच नव्हता. पंधरा दिवस तुम्ही उंबऱ्याबाहेर पडला नव्हतात. घाट तुम्ही माझ्यासाठी तयार केलात. ट्रेमध्ये काय पडलं ते आवाजावरून तुम्हाला कळलं होतं. ज्या माणसाला हातोडा टेकवून ढिली चावी कळायची, त्याला स्टीलवर पडलेलं लोखंड आणि बाभळीचा काटा यांतला फरक कळणार नाही? मी कुणाला फसवायला निघाले होते!

की तुम्हाला कळलंय हे मलाही तेव्हाच कळलं होतं, आणि कळलं नाही असं मी ठरवून टाकलं होतं? आज खरं लिहायचं म्हटलंय, म्हणून विचारते. मला उत्तर माहीत नाही.

पण तुमच्यावर रागही आहे माझा. बोलला का नाहीत? एकदा "मंगे, टाचणी व्हती न्हवं?" म्हणाला असतात, तर मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते, माफी मागितली असती. तुम्ही मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीत. सासरहून आणताना जसं काही विचारलं नाहीत, तसंच हेही. सहा महिने रोज माझ्या पायांना हात लावत राहिलात, माझ्या टाचण्या वेचत राहिलात, आणि एक शब्द नाही! इतकं सांभाळायचं असतं का कुणाला?

टाचणी होती, मामा. माझी होती. डबी माझ्या हातून सांडली, मी उचलली नाही, आणि नंतर तुमच्या तोंडावर खोटं बोलले. माफ करा मला.

तुम्ही गेल्यापासून शकूकाकू तीनदा जेवायला बोलावून गेल्या. मी तीनदा काहीतरी सांगून दार लोटून घेतलं. मला कुणाची कीव नको होती. पण कालपासून अंगठ्याखालची ती जागा डोक्यातून जात नाही. पाय पोटाशी ओढून घेणाऱ्या माणसाचं काय होतं, ते या घरात बघितलंय मी.

म्हणून तुम्हाला शब्द देते. घरात चप्पल घालीन, देवघरासमोरून सुद्धा. रागवायचं तर रागवा. उद्या सकाळी चहाच्या आधी शकूकाकूंच्या दारात जाईन आणि म्हणेन, माझे तळपाय बघता का? लाज वाटेल. आधी मी त्यांच्या पाया पडेन, तुमच्यासारखं, म्हणजे फिटेल. दवाखान्याच्या कागदावरचं तुमचं नाव खोडणार नाही, त्याच्या खाली त्यांचं लिहायला सांगीन. आणि रोज दिवेलागणीला तुमची बीट मी मारीन, भिंतीपर्यंत, कपाटाखाली, परत. टक् असा आवाज आला, तर जी सापडेल तिला टाचणीच म्हणेन.

तुमची भाची,
मंगी